पाण्याच्या आधी निरोप

माणसाच्या मोबाईलचा क्रमांक दहा आकड्यांचा असतो आणि यंत्राच्या मोबाईलचा तेरा आकड्यांचा, हे माझ्या भाच्याने सांगितले तेव्हा मला जरा अपमान झाल्यासारखेच वाटले. आपल्यापेक्षा तीन आकडे जास्त! आमच्या वडिलांच्या काळी ज्याच्या नावामागे किताबाची अक्षरे अधिक तो मोठा, असा हिशेब असे. भाचा हसून म्हणाला, "मामाजी, तसे काही नाही. यंत्रांनी यंत्रांशी बोलायचे तर त्यांना वेगळे क्रमांक हवेत, म्हणून २०१८ च्या जुलैपासून दूरसंचार खात्याने तेरा आकड्यांची रीत घातली. दहा आकडी क्रमांक माणसांनाच पुरायचे नाहीत." म्हणजे पुढेमागे यंत्रे माणसांपेक्षा जास्त बोलणार, हे सरकारने गृहीतच धरले आहे. आणि मला विचाराल तर त्यात वाईट काही नाही. माणसे बोलतात त्यातले निम्मे बोलणे यंत्राने केले असते, तर ते त्याने एका ओळीत संपवले असते.

यंत्राला बोलायचे असते तरी काय? मी चालू आहे, मी बंद पडलो, वीज आली, वीज गेली, पाणी इतक्या मीटरवर आहे. पूर्वीच्या तारेसारखे हे बोलणे. आमच्या घरी तार आली की आई ती फोडण्याआधीच पदर डोळ्यांना लावायची. बातमी बहुधा कोणाच्या बदलीची नाही तर मुंजीच्या मुहूर्ताची असे. पण तार म्हणजे वाईट, हे तिच्या मनाने घेतले होते. ती तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात आपल्या देशातून कायमची उठली. तिच्यामागे कोणी रडल्याचे ऐकले नाही. तिची जागा कोणी घेतली असे विचारले तर लोक आपल्या खिशातला फोन दाखवतील. पण तारेचा खरा वारस, मोजके शब्द, ठरलेली वेळ आणि बहुतेक वेळा कोणी न वाचलेला निरोप, हा पोस्टाच्या तिकिटाएवढा एक लहानसा चौकोन आहे. त्याला मॉडेम म्हणतात. तो पंपाच्या पेटीत असतो, विजेच्या मीटरमध्ये असतो, पैसे देणाऱ्या यंत्रात असतो आणि आमच्या वैनगंगेवरच्या पुलाच्या कठड्याला लटकलेल्या एका पांढऱ्या पेटीतही असतो.

मॉडेम हा शब्द दोन शब्दांचे शेपूट-डोके कापून केला आहे : मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर. यंत्राला कळते ते फक्त 'आहे' आणि 'नाही'. ते तारेवरून किंवा हवेतून पाठवायचे तर त्याला सुरांचे किंवा लहरींचे कपडे चढवावे लागतात आणि पलीकडे पोचल्यावर ते उतरवावे लागतात. १९६२ साली अमेरिकेत टेलिफोनच्या तारेवर असे बोलणारे जे यंत्र निघाले ते सेकंदाला तीनशे 'आहे-नाही' पाठवू शके, आणि तेवढ्याचे त्या काळी मोठे अप्रूप होते. पुढे १९८१ मध्ये डेनिस हेज या गृहस्थाच्या कंपनीने एक मॉडेम काढला. त्याच्याशी बोलायची पद्धत अशी की प्रत्येक आज्ञेच्या आधी 'ए टी' अशी दोन अक्षरे लिहायची. 'अटेन्शन'ची ती पहिली दोन अक्षरे. म्हणजे आधी 'अहो, इकडे लक्ष द्या' असे म्हणायचे आणि मग काम सांगायचे. मॉडेम 'ओके' म्हणतो. चाळिसाहून अधिक वर्षे झाली, तारा गेल्या, उपग्रह आले, फोन खिशात शिरले, पण आजचा अगदी नवा मॉडेमही 'ए टी' म्हटल्यावाचून लक्ष देत नाही. शाळेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या यंत्राविषयी लगेच आपुलकी वाटली. 'इकडे लक्ष द्या' हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारले असेल तितक्या वेळा मला 'ओके' असे उत्तर मिळाले नाही.

आमचे गाव गोसीखुर्दच्या धरणाखाली, पवनी तालुक्यात, नदीकाठी. माझी धाकटी बहीण तिथेच दिली. आमच्या जवाईबापूंची शेती धानाची. थोडी नदीच्या अंगाला, थोडी जंगलाच्या अंगाला. आणि जंगल म्हणजे नुसती झाडे नव्हेत. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले आणि त्यात 'जय' नावाचा वाघ आला, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल. प्रचंड देहाचा, देखणा. लांबलांबून लोक त्याला पाहायला येत. गावच्या लोकांना मात्र त्याला पाहण्याची हौस नव्हती, कारण तो कधी भेटेल याचा नेम नसे.

शेतीपंपाची वीज पाळीपाळीने यायची, आणि रात्रीची पाळी असली की रात्री दहा वाजता, बारा वाजता, जेव्हा येईल तेव्हा उठून बॅटरी घेऊन बांधीच्या धुऱ्यावरून मोटार सुरू करायला जायचे. कधी गेल्यावर कळायचे की वीज आलीच नाही. कधी मोटार सुरू करून घरी येऊन पडावे तर मागून वीज गेलेली असायची. साप, विंचू, डुक्कर, आणि वाघ. बहीण दारात कंदील घेऊन बसायची. तिने मला एकदा सांगितले, "दादा, मोटारीचा आवाज ऐकू आला का माझ्या जिवात जीव येते. आवाज आला म्हणजे हे पोचले." पंपाचा आवाज म्हणजे तिच्यापुरता नवऱ्याचा निरोप होता.

तेव्हा पुण्याचे एक अभियंते, संतोष ओस्तवाल, यांची गोष्ट भाच्याने मला सांगितली. त्यांच्या म्हाताऱ्या आजोबांना पंप सुरू-बंद करण्यासाठी रात्रीअपरात्री शेतात जावे लागे. ते त्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनातून ते गेले नाही. पुढे त्यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' नावाचे उपकरण केले आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. स्टार्टरच्या पेटीत एक मॉडेम आणि एक सिमकार्ड. आपण घरून फोन लावायचा, ठरलेले आकडे दाबायचे. तिकडे वीज आहे की नाही हे पेटी सांगते, आणि असेल तर मोटार सुरू होते. एवढेसे काम. पण ज्याच्या घरात कंदील घेऊन कोणी दारात बसले आहे, त्याला विचारावे ते किती मोठे आहे.

जवाईबापूंनी मात्र हौसेने आधी जी घेतली ती कुठल्याशा दुकानातली स्वस्तातली पेटी होती. तिला आकडे-बिकडे काही लागत नसत. कोणाचाही फोन आला की ती मोटार सुरू करी. चार दिवस मोठ्या कौतुकात गेले. पाचव्या दिवशी भर दुपारी गहू आधीच भिजलेला असताना मोटार आपोआप सुरू झाली. बंद केली, तर तासाभराने पुन्हा सुरू. भुताटकीपर्यंत चर्चा गेली. शेवटी भाच्याने पेटी उघडून पाहिले. कुठल्या तरी शहरातून एक मुलगी त्या क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन करीत होती. तिला मोटारीला वैयक्तिक कर्ज द्यायचे होते! आमच्या तालुक्यात माणसांना कर्ज मिळायला बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि इथे पाच अश्वशक्तीच्या मोटारीला कोणी घरबसल्या कर्ज देऊ करीत होते. त्यानंतर जी पेटी आली ती फक्त घरातल्या तीन क्रमांकांचे ऐकते. त्यातला एक बहिणीचा. आता रात्री तीच मोटार सुरू करते आणि नवऱ्याला उठवीत नाही.

जयविषयी एक राहिलेच. त्याच्या गळ्यात वन्यजीव शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला होता आणि त्या पट्ट्यात उपग्रहाशी बोलणारे यंत्र होते. जय कुठे आहे हे ते सांगत असे. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्या पट्ट्याचा शेवटचा निरोप आला. पुढे निरोप नाही आणि जयही नाही. अख्खा वाघ हरवला. पट्टा आधी गप्प झाला की वाघ, हे नदीला विचारावे नाही तर जंगलाला.

पण मला सांगायचे आहे ते नदीविषयी. आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांमागे बांधलेल्या तळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकले. तळ्याचे पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचे ते पाणकर ठरवी, आणि तळ्यात किती पाणी आहे हे त्याला पायरीवरून कळे. तळे गावातच, त्याची खबर आणायला दूर जावे लागत नसे. नदीचे तसे नाही. वैनगंगा उगम पावते मध्यप्रदेशात शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी. तिथे कालचा पाऊस झालेला आपल्याला दिसत नाही, आणि इथे आपल्या डोक्यावर ऊन असताना ती चढू लागते. गोसीखुर्दचे धरण तिच्यावर बांधायचे ठरले. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हातून पायाभरणी झाली. तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो हजारो कोटींत गेला. २००९ साली हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. भिंत अकरा किलोमीटरहून लांब, आणि नदीच्या पात्रात तेहतीस दारे. भिंतीवर उभे राहून एका टोकाकडून दुसरे टोक दिसत नाही. गावेच्या गावे उठली, देवळे उठली, माणसांची बोलणीसुद्धा उठून दुसरीकडे गेली. त्याविषयी लिहायचे तर वेगळा लेख लागेल आणि तो मला लिहवेल असे वाटत नाही.

२०२० चा ऑगस्ट. महिनाअखेरीस मध्यप्रदेशात धो धो पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या भीमगड धरणातून, ज्याला संजय सरोवर म्हणतात, पाणी सोडावे लागले. बावनथडी, बाघ, कन्हान, सगळ्याच भरून आल्या. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. गोसीखुर्दची सगळी तेहतीस दारे उघडावी लागली. पवनीत पाणी, खाली ब्रह्मपुरीत पाणी, गडचिरोलीत पाणी. आमच्या बहिणीच्या घरात ते मागच्या दाराने आले. धानाला नुकती लोंबी धरू पाहत होती. ती सगळी शेते गाळाखाली गेली. घरातली मातीची कोठी पाण्यात विरघळली आणि तिच्यातले वर्षाचे तांदूळ चिखलात मिसळले. माणसे, गुरे वाचली. म्हशीला मात्र रात्री शाळेच्या पायऱ्या चढवून वर्गात उभे करावे लागले. त्याच वर्गात मी कधीकाळी भूगोल शिकवला होता.

त्या रात्री निरोप कसा आला ते ऐका. भंडाऱ्याच्या एका पोराने आपल्या घरापुढच्या पाण्याचे छायाचित्र मित्राला पाठवले. मित्राने ते मावसभावाला, मावसभावाने आमच्या गावात. दवंडी त्यानंतर पिटली गेली. दिरंगाई कुठे झाली यावर पुढे पुष्कळ बोलणे झाले. मला त्यात पडायचे नाही. मला वेगळीच गोष्ट खटकत राहिली. पाणी काही विजेच्या वेगाने येत नाही. त्याला वळणावळणाने, नाले भरीत, शेते तुडवीत यावे लागते. निरोप एका क्षणात येऊ शकतो. या दोहोंमध्ये जो वेळ सापडतो, तोच नदीकाठच्या माणसाची सगळी मिळकत. त्यात म्हैस सोडता येते, कोठी रिकामी करता येते, म्हातारीला खाटेसकट उचलता येते. तो वेळ कोणी घालवला तर तो कोणत्याही नुकसानभरपाईत परत येत नाही.

यासाठीच ती पांढरी पेटी. महाराष्ट्रात हे काम आधी कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांत झाले, कारण तिथल्या पुरांनी सगळ्यांना खडबडून जागे केले होते. पुढे २०१६ साली राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प मंजूर झाला आणि देशातल्या इतर नद्यांकडेही लक्ष गेले. पेटी तशी गरीब असते. वर हातभर सौर पट्टी, आत बारा व्होल्टची बॅटरी, मोजणी जपून ठेवणारे एक यंत्र आणि मॉडेम. पुलाच्या कठड्यावरून नदीकडे तोंड करून एक रडार लटकलेले असते. ते खाली लहरी सोडते आणि पाण्यावरून परतायला त्यांना किती वेळ लागला यावरून अंतर काढते. पाणी चढले की अंतर कमी. ठरलेल्या वेळी मॉडेम जागा होतो, आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. झोपेत त्याला वीज जवळजवळ लागत नाही. बोलताना मात्र क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो. म्हणून जुनी बॅटरी मोठी फसवी. नुसती मोजली तर बारा व्होल्ट ठणठणीत दाखवते, आणि मॉडेम बोलायला गेला की त्याच क्षणी कोसळते. दिवसभर सगळे ठीक, निरोपाच्या वेळी मौन. भाचा म्हणतो, पावसाळ्याआधी त्याचे निम्मे काम बॅटऱ्यांचे हे ढोंग उघडे पाडण्याचे असते. उरलेले निम्मे पाऊस मोजायच्या भांड्यातून गांधीलमाश्यांची घरटी काढण्याचे.

जिथे मोबाईलचा मनोरा नाही तिथे हीच पेटी उपग्रहाशी बोलते. छत्तीस हजार किलोमीटर वर निरोप जातो आणि खाली येतो, कचेरी का पन्नास किलोमीटरवर असेना. प्रत्येक पेटीची बोलण्याची वेळ ठरलेली. बोलून झाले की गप्प. उत्तर येत नाही आणि तिला ते लागतही नाही. अशी माणसे मी आयुष्यात दोनच पाहिली, आणि दोन्ही बायका होत्या.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याबरोबर मी एका पुलावर गेलो. धरणाच्या वरच्या अंगाला, आंभोऱ्याच्या बाजूला. आंभोऱ्यास वैनगंगेला कन्हान मिळते. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला असे आम्ही विदर्भातले लोक मानतो, आणि अंबाजोगाईचे लोक तितक्याच ठामपणे ते तिकडचे मानतात. भाच्याने पेटी उघडली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि 'ए टी' लिहिले. 'ओके' आले. मग त्याने लहरींची ताकद विचारली. उत्तर आले नव्याण्णव. मी म्हटले, "वा! शंभरांत नव्याण्णव." तो म्हणाला, "मामाजी, हिचे गुण एकतीसपर्यंतच असतात. नव्याण्णव म्हणजे 'मला ठाऊक नाही'." परीक्षेत ही सोय मुलांना असती तर! अँटेनाची सैल झालेली तार त्याने घट्ट केली, आणि आकडा अठरावर आला.

तिथे एक म्हातारा गेजवाला बसला होता. खांबावर रंगवलेली मोजपट्टी वाचून वहीत आकडा लिहायचा, हे त्याचे कैक वर्षांचे काम. पुरात तासातासाला, रात्री बॅटरीच्या उजेडात. जातीचा ढीवर, नदीतच वाढलेला. पेटी आली तरी पडताळा म्हणून त्याचे काम चालू होते. मी विचारले, "काका, आता हे यंत्र सगळे सांगते, तुम्हाला बरे झाले ना?"

"आकडा सांगते जी मशीन," तो म्हणाला. "पानी कसा हाय, ते नाई सांगत. लाकडं येऊन रायली का, फेस कसा हाय, वास कसा हाय. कन्हानचा पानी का वैनगंगेचा, आमाले डोऱ्याले दिसते."

वासाचे त्याचे बोलणे खोटे नव्हते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येते, आणि त्यावर पोसलेली जलपर्णी काठाकाठाने हिरवी सतरंजी अंथरून बसते.

भाच्याने पेटीचा आकडा वाचला. म्हाताऱ्याने आपल्या वहीतला वाचला. पेटीचे पाणी नऊ सेंटिमीटर वर होते. "तुमची पट्टी पुन्हा तपासावी लागेल, काका," भाचा म्हणाला. म्हातारा काही बोलला नाही. तो कठड्यावरून खाली वाकून पाहू लागला, मग शांतपणे पायवाटेने खाली उतरला, डोंगा ढकलला आणि लांब बांबू घेऊन रडारच्या बरोबर खाली आला. तिथे जलपर्णीचा एक मोठा गठ्ठा खांबाला अडकला होता. लहरी त्याच्या पानांवरूनच परतत होत्या. बांबूने ढोसून ढोसून त्याने तो गठ्ठा मोकळा केला. तो फिरत फिरत धरणाच्या दिशेने निघून गेला.

पुढचा निरोप जायला पंचवीस मिनिटे होती. आम्ही पुलावर बसून राहिलो. म्हाताऱ्याने वर येऊन पाय वाळवले, विडी पेटवली. वेळ झाली तशी पेटीतला हिरवा दिवा लुकलुकला. भाच्याने आकडा वाचला, आणि म्हाताऱ्याने चष्मा नाकावर ओढून आपल्या वहीत, त्याच्या नव्हे, आपल्याच पट्टीवरचा आकडा वाचून लिहिला.